तालिब कोण?

"तुमची सगळी पात्रं एकाच माणसासारखी बोलतात," असं दिग्दर्शकाने सुनावल्यापासून तालिब शेख रोज दुपारी आपल्या पटकथेतले संवाद मोठ्याने वाचायचा. पात्रं तीनच होती: स्वारगेटचा तुसडा कंडक्टर, मांजरी गावची आजी आणि कॉलेजातली मुलगी. प्रत्येकाला तो वेगळा आवाज द्यायचा. विश्रांतवाडीच्या त्याच्या फ्लॅटमध्ये दुसरं बोलायला कुणी नव्हतंच.

एकदा शेजारच्या श्यामलाबाई जिन्यात भेटल्या.

"अहो शेख, भिंती पातळ, त्यामुळे तुमचा सिनेमा आम्हाला फुकटात ऐकायला मिळतो. कंडक्टर खेकसतो, आजी 'काय हाय' म्हणते, मुलगी इंग्रजी झाडते. सगळे बरोब्बर ओळखू येतात. फक्त तो तालिब कोण?"

"तालिब?"

"ती आणखी एक बाई सारखी विचारते ना, 'तालिब, जेवलास का?' आणि हा ठोंब्या उत्तरच देत नाही. एवढं मायेनं विचारतंय कुणी, तर बोलू द्या की त्याला."

दारावरच्या पाटीवर नुसतं 'शेख' होतं. त्याचं पहिलं नाव इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या नावाने हाक मारणारंही आता कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दुपारी त्याने पटकथा मिटून ठेवली आणि आपणच नकळत बोलतो का ते बघायला ओठांवर हात घट्ट दाबून बसून राहिला.

डोक्यावर पंखा घरघरत होता. मग स्वयंपाकघरातून ओळखीचा, मायेचा आवाज आला, "तालिब, जेवलास का?"

त्याला भरून आलं. उत्तर द्यायला तो हात काढणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातूनच, त्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं,

"आत्ताच नाही का जेवलो, तुझ्याबरोबर?"