इसोबेल, वय सहा

पोर्टसॉय या बंदरगावाच्या दफनभूमीत दिवसभर हिंडून मेव्हिसच्या पायांचे तुकडे पडले होते. आजीचं माहेर शोधत ती कॅनडाहून आली होती आणि समोरच्या थडग्यावर आजीचंच नाव होतं: इसोबेल, वय सहा. “कसं शक्य आहे? आजी तर इथं बंदरावर हेरिंग मासे चिरायची, मग आमच्याकडे आली, म्हातारी होऊन गेली!” “एवढी दचकू नकोस गं. ही तिची थोरली बहीण,” नात्यातली म्हातारी जेसी थर्मासमधला चहा ओतत म्हणाली. “मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायचे. आम्ही मासे आणि नावं वाया घालवत नाही.” मेव्हिस थडग्याशेजारी बसली. हातातलं काम, घरदार टाकून एवढ्या लांब का आलीस, असं विचारलं की आजी एकच सांगायची, आणि मेव्हिसला ते कधी कळलं नव्हतं: “आई मला हाक मारायची आणि रडायची.”