लाल स्वेटर

सिग्नल आला की शेजारी बसलेली बायको सुरू व्हायची. “लाल लागलाय हं.” मग जरा वेळानं, “झाला हिरवा, चला.” चारचौघांत तो तिची नक्कल करून दाखवायचा, “स्टिअरिंग माझ्या हातात, पण ड्रायव्हर हीच!” आज ट्रकच्या लायसनसाठी डोळे तपासायला येतानाही, मागे बसलेल्या मेव्हण्यासमोर त्यानं तिला झापलं होतं, “मला काय डोळे नाहीत?”

डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पान समोर धरलं. “यातला आकडा वाचा.” आकडा दिसेचना. पानामागून पान उलटलं, तरी नुसते मळकट ठिपके.

“लाल आणि हिरव्यातला फरक तुम्हाला कळत नाही. ट्रकचं लायसन नाही मिळणार,” डॉक्टर म्हणाले. “इतकी वर्षं घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?”

बाहेर बाकावर ती वाट बघत होती. लग्नानंतर त्यानं हौसेनं आणलेला लाल स्वेटर तिच्या अंगात होता. तो शेजारी बसला, पण त्याला मान वर करवेना. शेवटी खालीच बघत त्यानं विचारलं, “या स्वेटरचा रंग कुठला गं?”

“तुम्ही लाल म्हणून आणलात ना,” बाहीवरून हात फिरवत ती म्हणाली, “मग लालच.”