दोरीवरचा पिवळा झगा

समजा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे आणि तुम्ही अमळनेरजवळच्या एका खेड्यात, नाट्यमंडळाच्या ओट्यापाशी उभे आहात. यंदा कोणते खेळ होणार, हे इथे कुणी तोंडाने सांगत नाही. वर्षभर बंद असलेला पेटारा उघडतो, पोशाख दोरीवर उन्हात पडतात आणि गाव ओळखतं. खाकी कोट दिसला, म्हणजे पोलिसाचं नाटक. मोरपिसाचा मुकुट निघाला, म्हणजे कृष्णाचं, गाण्यांचं. नवे कपडे कुणी शिवत नाही. पोशाख ज्याला बसेल, सोंग त्याचं.

आता दिपमालाकडे बघा. सहावीतली पोर. मंजनाचा फेस तोंडात घेऊनच ती एकदा डोकावून गेली होती. मग चहा अर्धा टाकून आली. आता ओट्यावर चढत होती, उतरत होती.

मुकुट निघाला. त्याच्या पाठोपाठ कृष्णाचा पिवळा झगा. मागचे दोन हिवाळे तो तिच्याच अंगावर होता.

बेबामावशींनी तो तिला घातला. गावात शिवणयंत्र त्यांच्याच घरी. झगा घोट्यापर्यंत नीट आला. दिपमाला श्वास रोखून उभी होती.

पेटी वाजवणारे अभिमन आबा खाटेवरून बघत होते. मंडळ तेच चालवायचे.

"गुडघा सरळ कर, माय."

तिने गुडघे सरळ केले. झगा सरकन पोटरीवर गेला.

"माले बठ्ठा गाना पाठ शेतस, आबा."

"पन झगा कोठे आयकस?"

मावशींनी खालची कड उलटून पाहिली. जुन्या टाक्यांची भोकं तेवढी राहिली होती. "उसवाले कापडच नही शे आते," त्या हळूच म्हणाल्या.

शेजारचा किरण शेंगा खात उभा होता. दुसरीतला. झगा त्याला घातला आणि जणू मापानेच शिवल्यासारखा बसला. तो शेंगा खातच राहिला. आबांनी पेटीवर एक सूर धरला आणि किरणने भलताच लावला. कुणी हसलं नाही.

दिपमाला दोरीकडे वळली. टोकाला कंसाचा काळा डगला लोंबत होता. त्याला सकाळपासून कुणी हात लावला नव्हता. कंस करणारा भिकन सुरतेला कामाला गेलेला.

तिने तो ओढून काढला आणि अंगात घातला. खांदे कोपरापर्यंत उतरले, बाह्या गुडघ्यापर्यंत. कापडच कापड. पेटाऱ्यात हात घालून तिने मिशा शोधल्या, ओठावर दाबल्या आणि किरणकडे वळून नुसती पाहत राहिली.

किरण शेंगा टाकून आबांच्या मागे लपला. पेटी थांबली.

दिपमाला बेबामावशींसमोर जाऊन उभी राहिली. या वेळी गुडघे सरळ होते.

"मावशी, हाई बाही दुमडी दे. कापू नको, नुसती दुमड."