मोकळी खुर्ची

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना गट भरतो. नऊ माणसं गोल करून बसतात आणि दहावी खुर्ची आमचे हे मुद्दाम मोकळी ठेवतात. कोणी दुःखी, एकटा जीव दार वाजवून आला तर त्याच्यासाठी जागा तयार हवी, असं त्यांचं म्हणणं. गट कसा चालवावा हे इतरांना शिकवायलाही चर्चचे पाळकसाहेब आता यांनाच बोलावतात.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. डोळे उतू जाणाऱ्या दुधावर आणि कान बाहेर. वचन कानावर पडेल तेवढं माझं.

गेल्या गुरुवारी पाळकसाहेब स्वतः गट बघायला आले. त्यांच्यासाठीसुद्धा शेजारून खुर्ची मागून आणली, पण त्या मोकळ्या खुर्चीला हात लावला नाही. चहाचा ट्रे फिरवता फिरवता माझ्या गुडघ्यात अशी काही कळ आली, की जवळ दिसली त्या खुर्चीत मी मटकन बसले. हे हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे वाकले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "अगं, ऊठ आधी! ती काय तुझ्यासाठी ठेवलीय?"

मी उठले. ट्रे घेऊन पुन्हा दारात जाऊन उभी राहिले.

यांनी त्या खुर्चीवर हात ठेवला आणि डोळे मिटून, भरल्या गळ्याने म्हणाले, "प्रभू, सात वर्षं वाट बघतोय. एखादा थकला-भागला जीव इथे बसायला पाठव!"