टेरीसाठी ताल

पापाकुरा उपनगरातल्या हॉलमध्ये टेरीची शवपेटी फुलांनी झाकली होती. शेजारी, आपल्याहून उंच डबल बास छातीशी धरून ऐंशी पार केलेले कॉलिनआजोबा उभे होते. तरुणपणी या दोघांच्या, रॉकबिली नावाचं ठेकेदार संगीत वाजवणाऱ्या बँडला ड्रमरच नव्हता. टेरी गायचा आणि कॉलिनआजोबा बासच्या तारांवर चापट्या मारून ताल धरायचे. मित्राला निरोपही तसाच द्यायचा, हा त्यांचा हट्ट.

"जास्त भाव खाऊ नका हं, आजोबा!" त्यांच्याकडे बास शिकणारी ऋचा कुजबुजली.

"स्वीट अ‍ॅज, पोरी, काळजी नको. लाव गाणं."

तिने फोनवर टेरीच्या गाण्याचं जुनं रेकॉर्डिंग लावलं, आजोबांनी ताल धरला आणि काय सांगू, रडता रडता अख्खा हॉल डोलायला लागला!

दुसऱ्या कडव्यात मात्र आजोबांची बोटं अडखळली. हात तारांवर तसाच ठेवून ते शवपेटीकडे बघत राहिले. गाणं पुढे निघून गेलं.

ऋचा धावली. "वाजवा ना! वेग कमी करू का?"

"नको गं. मी चुकलो की टेरी तीच ओळ घोळवत राहायचा, मी ताल पकडेपर्यंत. सवयीने थांबलो बघ. वाटलं, थांबेल माझ्यासाठी."