गाडीतला दिवा

"साहेब, आतल्या दिव्यासाठी एवढी उठाठेव कुणी करत नाही," इलेक्ट्रिशियन डॅशबोर्डखालून म्हणाला. त्याचं डोकं क्लचच्या पेडलपाशी होतं आणि पाय दाराबाहेर. "या जुन्या गाड्यांत दिवा चालू-बंद करणारा रिले पार आत, हीटरच्या डब्यामागे असतो. हात जातो, पण बोटं वळत नाहीत. तो बसवणाऱ्याच्या हाताला हाडं नसावीत! नाही लागला दिवा, तर काय अडतं?"

"माझं अडतं," धाकटा म्हणाला.

खरं कारण त्याने सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते. त्याला आईचा चेहरा बघायचा होता.

दर गुरुवारी आई दिवसभर ताईकडे असायची. ऑफिस सुटलं की धाकटा तिला आणायला जायचा. ताईच्या स्वयंपाकघरात आई खळखळून हसत असायची, नातवंडांची चेष्टा करत असायची. गाडीत बसली की मात्र मूग गिळून गप्प. घर येईपर्यंत एक शब्द नाही. गेले तीन महिने हेच चाललं होतं.

ताई एकदा फोनवर सहज म्हणाली होती, "आईला आमच्याकडेच ठेवून घेऊ का रे?" तेव्हापासून त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. मग त्याला एकेक दिसायला लागलं. आईचा जुना चष्मा ताईकडे गेला, तो परत आला नाही. मग शाल गेली. कुठेतरी पाणी मुरत होतं. ताई तिचे कान भरत असणार, दुसरं काय!

घरात विचारायची सोय नव्हती. तिथे भिंतीलाही कान, आणि पोरांना तर चार-चार. म्हणून त्याने तीनदा गाडीतच विचारलं होतं, ताईकडे राहायला जायचं आहे का तुला? दोनदा आई सरळ समोर बघत राहिली. तिसऱ्यांदा नुसतं "हं" म्हणाली. आता या 'हं'चा अर्थ काय काढायचा माणसाने?

"ती उत्तरच देत नाही," त्याने बायकोला सांगितलं.

"मग तेच उत्तर असेल," बायको म्हणाली.

त्या रात्री त्याला झोप आली नाही. आई गेली तर घरात काय उरणार होतं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण आईला खोटं बोलता येत नाही. मनातलं लगेच तोंडावर दिसतं तिच्या. अंधारात मात्र कुणीही सुटतं. म्हणून हा रिले.

दीड तासाने आत टक् असा आवाज झाला आणि दिवा लागला. इलेक्ट्रिशियन सोललेली बोटं चोखत बाहेर आला. "दार लावलं की विझेल. लावूनच ठेवायचा असेल तर वरचं बटण सरकवा."

संध्याकाळी ताई दारापर्यंत आली. "सावकाश जा रे," म्हणाली. त्याला त्यातही काहीतरी दिसलं.

आई नेहमीसारखी बसली, नेहमीसारखी गप्प. गल्ली संपल्यावर धाकट्याने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं आणि बटण सरकवलं. पिवळा उजेड पडला.

"आई, आज खरं सांग. ताईकडे राहायला जायचं आहे का तुला?"

आई वळून त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. तिची नजर त्याच्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती.

"छे रे बाबा! माझं घर सोडून मी कशाला जाऊ?" ती म्हणाली आणि एकदम तिचे डोळे भरून आले. "मीच घाबरले होते. गाडीत बसलं की तू चकार शब्द काढत नाहीस. म्हटलं, म्हातारीची ने-आण करून कंटाळला असेल. कशाला बोलून आणखी त्रास द्या? म्हणून मीही गप्प."

"मी बोलत नाही? अगं, मी इतके दिवस हेच तर विचारतोय तुला!"

"काहीतरीच! कान चांगले शाबूत आहेत माझे."

तिची नजर अजून त्याच्या ओठांवरच होती, हे धाकट्याने पाहिलं. मग त्याने हात वर नेला आणि बटण मागे सरकवलं. गाडीत अंधार झाला.

"आई," तो रोजच्याच आवाजात म्हणाला, "तू मला घरात हवी आहेस गं."

काही उत्तर आलं नाही. मग शेजारून एक हात चाचपडत आला आणि आईने त्याची बाही धरली.

"दिवा का घालवलास रे? आत्ता कुठे बोलायला लागला होतास."