राणीचा बाप
ओहायोतल्या चर्चहॉलमध्ये सायमनकाकांचं कीर्तन रंगात आलं होतं. "मी कॅथलिक, तरी सांगतो मंडळी, आमच्याच मेरीराणीने इंग्लंडात प्रॉटेस्टंटांना खांबाला बांधून जिवंत जाळलं! कातडी तडकली, बोटं गळून पडली, तरी ओठांवर प्रार्थनाच! एवढी निर्दय कशी झाली?" मागून आवाज आला, "पप्पा, तिच्या बापाचंही सांगा की." रिटा उभी होती. प्रॉटेस्टंट मुलाशी लग्न केलं म्हणून काकांनी हातातल्या याच चिपळीने भुवई फोडून लेकीला हाकललं होतं. तीन वर्षांनीही व्रण तसाच दिसत होता. काका सांगू लागले. "बापाने तिला आईपासून तोडलं. धर्म सोड म्हणून छळलं. 'मी तुमची औरस मुलगीच नाही' असं लिहून घेतलं..." व्यासपीठावरून उतरून काकांनी चिपळी तिच्या हातात ठेवली, कपाळ पुढे केलं. "मार, बाय." रिटाने ताल धरला.